मेलेले इकडे, बाजारवाले तिकडे

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मी जयवंती. बावीस वर्षं अंधेरीत दारोदार मासळी विकली आणि त्यानंतर चौदा वर्षं खासगी गुप्तहेर म्हणून नोकरी केली. दुसरी गोष्ट सांगितली की माणसं हसतात. हसू देत. हसणाऱ्यांपैकी काहींच्या जावयाची चौकशी मीच केलेली असते आणि त्यांना ते अजून ठाऊक नसतं.

दळवीसाहेबांची गाठ कशी पडली ते आधी सांगते. अंधेरीतल्या चार बंगला भागात एका इमारतीसमोर एक राखाडी गाडी सलग तीन दिवस उभी होती. आत एक जाडजूड, मिशीवाला माणूस तोंडासमोर पेपर धरून बसलेला. तिन्ही दिवस पेपर तोच. तिसऱ्या दिवशी मी डोक्यावरची पाटी सावरत गाडीच्या काचेवर टकटक केली.

"साहेब, तिसऱ्या मजल्यावरच्या पाठदुखीवाल्याची वाट बघताय ना? तो पुढच्या गेटने येतच नाही. मागच्या गल्लीत जिम आहे, सकाळभर तिथे असतो."

माणसाने पेपर खाली केला. "गो बाये, तुका कसा कळला?"

"त्याची बायको आठवड्याला अर्धा किलो मांदेली घ्यायची. महिनाभर झाला, रोज सुरमईचे जाड तुकडे घेते, एकट्या नवऱ्यासाठी. पाठ धरलेल्या माणसाला एवढी ताकद कशाला पाहिजे? मी विचारलं, तिने सांगितलं."

"आणि माका हय बसान तीन दिस झाले," असं म्हणत त्यांनी पेपर घडी करून मागच्या सीटवर टाकला.

दळवीसाहेब पोलिसातून फौजदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते. अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची चौकशी एजन्सी होती. त्या पाठदुखीवाल्याच्या कंपनीने त्यांना नेमलं होतं, माणूस खरंच आजारी आहे की सुट्टी मारतोय ते बघायला. आठवड्याभरात मी त्यांच्याकडे कामाला लागले. माझा नवरा म्हणाला, "भोचकपणाची नोकरी? मग तर तू जन्मल्यापासून ट्रेनिंगमध्येच आहेस."

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तसं नसतं. खासगी गुप्तहेराला पोलिसासारखा कसलाही अधिकार नाही. कुणाच्या घरात घुसायचं नाही, कुणाचा फोन ऐकायचा नाही. बघायचं, विचारायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच. बारा आणे काम लग्नाआधीच्या चौकशीचं. मुलगा सांगतो तिथेच नोकरी करतो का, मुलीचं आधी कुठे ठरलं होतं का, असलं. बाकी मग हरवलेली माणसं, खोट्या सुट्ट्या, भाडेकरूंच्या भानगडी. एजन्सीतली बाकीची पोरं गॉगल घालून मोटरसायकलवर फिरायची आणि वॉचमन त्यांना गेटवर अडवून वहीत नाव लिहायला लावायचा. मी पाटी घेऊन आले की तोच वॉचमन विचारायचा, "मावशी, आज कोळंबी कशी?" आणि मी लिफ्टने वर. मासळीवाली दारात बसली की घरातली बाई पण तिच्यासमोर बसते. मासा साफ होईपर्यंत दहा मिनिटं जातात. दहा मिनिटांत बायका जे सांगतात, ते नवऱ्याला दहा वर्षांत सांगत नाहीत.

घाटकोपरला मात्र माझी पार वाट लागली. इमारत शुद्ध शाकाहारी. पाटी घरी ठेवून मी खाकरे विकायला गेले. साबणाने तीनदा हात धुतले होते, वर लिंबू चोळलं होतं. बाईंनी दार उघडलं, नाक वर केलं आणि दार बंद केलं. तिथून पुढे शाकाहारी इमारती गॉगलवाल्यांकडे गेल्या.

एक चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बोरिवलीच्या एका मुलाची लग्नाआधीची चौकशी होती. रोज संध्याकाळी तो डबा घेऊन एका बाईच्या घरी जायचा, तासाभराने बाहेर पडायचा. मी चार दिवस बघितलं आणि रिपोर्टात लिहिलं, 'मुलाचं बाहेर काहीतरी असावं असं वाटतं.' लग्न मोडलं. मग कळलं की ती बाई त्याची लहानपणची शिक्षिका होती. अंथरुणाला खिळलेली, मागेपुढे कोणी नाही. दळवीसाहेबांनी मुलीकडच्यांना लगेच कळवलं, पण तोवर त्यांनी दुसरं स्थळ बघितलं होतं. मी त्या मुलाची माफी मागायला त्याच्या दारापर्यंत गेले. त्याने दार उघडलं, हसला आणि म्हणाला, "आज मासळी नको हां मावशी." मी कोण आहे हे त्याला माहीतच नव्हतं. माफी न मागताच मी परत आले. ते अजून सलतं.

त्या दिवशी दळवीसाहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जयवंती, दिसला ता लिही. वाटला ता घरी ठेव." त्यानंतर मी लिहिलेला एकही रिपोर्ट खोटा ठरला नाही. आज हे लिहिताना याचा मला अभिमान आहे. आणि ज्या केसचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, ती गोरेगावच्या श्रीधरकाकांची.

काकांची मुलगी मेघना मुलुंडला राहायची. एका दुपारी ती ऑफिसात आली आणि पिशवीतून एक पांढरा शर्ट काढून दळवीसाहेबांच्या टेबलावर पसरला. कॉलरला गुलाबीसर तपकिरी थर आणि छातीवर लाल डाग.

"बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत," ती म्हणाली. "आई गेल्यापासून गोरेगावला एकटेच असतात. रोज सकाळी चांगले कपडे घालून निघतात आणि संध्याकाळी येतात. विचारलं तर म्हणतात, वाचनालयात जातो. वाचनालयात कॉलरला मेकअप लागतो का?"

"म्हणजे तुमका बाईचो संशय आसा," साहेब म्हणाले.

"तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं." तिचा आवाज बारीक झाला. "शेजारच्या काकूंनी त्यांना जिन्यात स्वतःशी बोलताना ऐकलं. म्हणत होते, आज दोनदा मेलो. एक तर बाई आहे, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. काय ते मला सांगा. महिनाअखेरीस मी त्यांना कर्जतच्या वृद्धाश्रमात ठेवायचं बघतेय. असं एकटं सोडायला मला भीती वाटते."

ती बोलत होती तेव्हा माझं लक्ष शर्टावर होतं. मी जन्मभर रक्तात हात घातलेत, माशाच्या का होईना. वाळलेलं रक्त काळं पडतं. हा डाग लालभडक होता. वास घेतला तर गोड. पिशवीच्या तळाशी पाचसहा मुंग्या फिरत होत्या.

"ताई, हे रक्त नाही, कसला तरी पाक आहे," मी म्हणाले. कुठून आला असेल ते मला कळत नव्हतं, म्हणून पुढे काही बोलले नाही.

शुक्रवारी रिपोर्ट द्यायचं ठरलं. बुधवारी सकाळी पाटीत बोंबील घेऊन मी गोरेगावला काकांच्या इमारतीत गेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. "बोंबील घेणार का?" म्हणत मी आत डोकावले. बैठकीच्या खोलीत फरशीवर म्हातारा उताणा पडलेला. डोळे सताड उघडे, तोंड वाकडं, छाती हलत नाही.

मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पाटी हातातून सुटली, बोंबील सगळ्या खोलीभर.

प्रेत उठून बसलं आणि त्याने हातातलं घड्याळ बघितलं.

"पंचेचाळीस सेकंद! अहो मावशी, पंधरा सेकंद थांबला असतात तर मिनिट झालं असतं."

"काका, तुम्ही... काय करत होतात?"

"प्राणायाम," काका म्हणाले आणि सोफ्याखालचे बोंबील गोळा करू लागले. मग माझा चेहरा बघून त्यांनीच मला पाणी आणून दिलं. माणूस मोठा प्रेमळ. डोकं फिरल्यासारखं काही दिसलं नाही. पण असला प्राणायाम मी तरी कधी बघितला नव्हता.

अर्ध्या तासाने काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले आणि रिक्षात बसले. मी मागची रिक्षा पकडली. ड्रायव्हर म्हणाला, "मौसी, मच्छी लेके नहीं बैठने का." मी म्हटलं, "पुढच्या रिक्षात माझा नवरा दुसऱ्या बाईकडे चाललाय." त्यानंतर त्याने जी रिक्षा हाणली, की दोनदा आम्हीच काकांच्या पुढे गेलो.

काका उतरले ते गोरेगाव पूर्वेला, एका शूटिंगच्या स्टुडिओच्या फाटकापाशी. तिथे पन्नाससाठ माणसांची झुंबड होती. मधोमध एक दाढीवाला माणूस हातात कागद घेऊन ओरडत होता, "मेलेले इकडे, बाजारवाले तिकडे! लवकर!"

श्रीधरकाका शांतपणे मेलेल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पाक, मेकअप, दोनदा मरण, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात जुळलं. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी लिहिणार नव्हते. मी पुढे सरकले तोच दाढीवाल्याने माझी पाटी बघितली. "मावशी, बाजारात ना? मग उभी काय राहिलीस, चल आत!"

अशी मी आयुष्यात पहिल्यांदा शूटिंगला गेले. आत पुठ्ठ्याचा अख्खा बाजार उभा केलेला. एक चष्मेवाला पोरगेला साहेब येऊन सगळ्यांना निरखू लागला. माझ्यापाशी थांबला.

"ही कोण? कोळीण? अजिबात वाटत नाही. नथ कुठाय? केसात फुलं कुठायत? आणि हा वास कसला येतोय?"

"मासळीचा," मी म्हटलं.

"काढा ती! रबराची द्या." मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "नको, हिला भाजीवाली करा. कोळणीसाठी दुसरी आहे."

दुसरी म्हणजे एक गोरीपान पोरगी. तिने रबराचं पापलेट शेपटीला धरून फुलांच्या गुच्छासारखं पकडलं होतं. बावीस वर्षं मासळी विकलेली मी तिच्याशेजारी दुधीभोपळे घेऊन बसले. कामाचा भाग म्हणून गप्प राहिले. माझ्या चौदा वर्षांत एवढं कठीण गप्प राहणं दुसरं नव्हतं.

मग शॉट सुरू झाला. बाजारात खून झालाय, काका रस्त्यावर पडलेत, छातीवर लाल पाक ओतलाय, भोवती पोलीस आणि बघे. शॉट परत परत होत होता. कधी पोलीस वाक्य विसरे, कधी कोळीण पापलेट पाडे. पाचव्या वेळी काकांच्या नाकावर माशी बसली. ती नाकावरून गालावर गेली, गालावरून पापणीवर. मी भाजीपाशी बसून घामाघूम झाले. काकांची पापणी हलली नाही. "कट" झाल्यावर दिवे सांभाळणाऱ्या माणसांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "झकास, काका!" आणि मेलेले काका लाजले.

जेवणाच्या सुट्टीत ते ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"सकाळी बोंबील, दुपारी दुधी," ते म्हणाले. "मावशी, मेघनाने पाठवलंय ना तुम्हाला?"

मी खोटं बोलले नाही. मान डोलावली.

काका बराच वेळ भात कालवत राहिले. "आमची ही स्वयंपाकघरात पडली तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो. मेघना त्या दिवशी घरी आली होती. तिनेच आधी बघितलं. आईला हाका मारत बसली होती. त्यानंतर वर्षभर ती माझ्या घरी आली की स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायची, आत जायची नाही. आता त्या पोरीला कसं सांगू, की मी रोज जमिनीवर पडून मेल्याचं सोंग करतो?"

"मग सोडून द्या ना काका हे."

"घरी भिंतीकडे बघत बसतो हो मी. इथे संध्याकाळी निघताना कोणीतरी म्हणतं, काका, उद्या या. तेवढ्यासाठी येतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रिपोर्टात लिहू नका ना."

"मी बघितलं ते लिहावंच लागेल मला. पण रिपोर्ट परवा द्यायचाय. तोवर तुम्ही स्वतः सांगा तिला. तुमच्या तोंडून ऐकलं तर बरं."

शुक्रवार उजाडला. मेघना ऑफिसात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की काकांनी सांगितलेलं नाही. दळवीसाहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. मी तो हाताखाली दाबून ठेवला. कागदावरून कळावं अशी ही गोष्ट नव्हती.

"ताई, आधी ऐका. बाबांचं डोकं शाबूत आहे. बाई कोणी नाही. ते शूटिंगला जातात. मालिकांमध्ये मेलेल्या माणसाचं काम करतात. तो मेकअप तिथलाच आणि डाग खोट्या रक्ताचा."

ती आधी हसली. मग हसू विरलं. "म्हणजे ते जमिनीवर पडून राहतात?"

"हो."

"हलत नाहीत?"

"नाही. फार चांगलं करतात."

ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती भडकली. "सगळ्या जगात त्यांना दुसरं काही करायला सापडलं नाही? त्यांना माहितेय मी काय बघितलंय ते!" जरा वेळाने पिशवी उचलून ती उठली. "मला बघायचंय."

"ताई, बघूची गरज नाय, रिपोर्टात सगळा आसा," साहेब म्हणाले.

"मला बघायचंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "जयवंती, तिच्या वांगडा जा."

स्टुडिओच्या फाटकावर दाढीवाल्याने मला ओळखलं. "आली का भाजीवाली! ही कोण, तुझी मुलगी? जा, दोघी गर्दीत उभ्या राहा."

त्या दिवशी तोच बाजार होता, तोच खून. बुधवारचं काही राहिलं होतं म्हणे. आम्ही बघ्यांच्या मागे पोचलो तेव्हा कॅमेरा सुरू झाला होता. माणसांच्या फटीतून काका दिसले. डोळे उघडे, मान एका बाजूला कललेली, एक हात पसरलेला. मी कितीही समजावलं असलं तरी ते दृश्य भयंकरच होतं. मेघनाने माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. पोलिसाचं काम करणारा नट आपलं वाक्य बोलून थांबला आणि त्या शांततेत मेघनाच्या तोंडून एक हुंदका बाहेर पडला. मोठा नव्हता. बाजूच्या चार जणांना ऐकू आला असेल.

पण पापणीवर माशी चालली तरी न हललेला माणूस तो हुंदका ऐकून उठून बसला.

"मेघना?"

"कट! कट!" चष्मेवाला किंचाळला. "अरे प्रेत उठलं! काका, काय हे, एवढा चांगला शॉट होता!"

काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. छातीवर पाक, गालावर खोटी जखम, तसेच ते माणसांना बाजूला सारत आले. मेघनापासून दोन हातांवर थांबले. कपड्यांवरच्या लाल रंगामुळे तिला जवळ घ्यावं की नाही ते त्यांना कळेना. दोन्ही हात हवेत धरून उभे राहिले.

"मी आहे गं," ते म्हणाले. "मी आहे ना. बघ."

मेघनाने त्यांच्या छातीवर हात ठेवला, त्या चिकट पाकावरच, आणि तसाच ठेवला. ती आत ठोका चाचपत होती हे माझ्या लक्षात आलं. सगळा बाजार त्या दोघांकडे बघत होता. तो चष्मेवाला पोरगासुद्धा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून खुर्चीवर बसला.

बऱ्याच वेळाने तिने हात काढला आणि पदराने त्यांच्या गालावरची जखम पुसायला लागली.

"अगं, अगं, पुसू नको," काका घाईने म्हणाले, "ती लावायला पाऊण तास लागतो."

तेव्हा ती हसली. रडत होती तशीच हसली. काकांनी चष्मेवाल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. शाळेतल्या मुलाने बाईंना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्यांचा शॉट मी बिघडवला. परत करू का?"

मेघनाने नाक पुसलं. "करा. मी इथेच उभी आहे."

काका परत जाऊन पडले. मेघना सबंध शॉटभर उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. माझं मनगट तिने सोडलं नाही, पण हुंदका आला नाही. शॉट ओके झाला. टाळ्यांमध्ये सगळ्यात आधी वाजलेली टाळी तिची होती, असं मी म्हणणार नाही. ती तिसरी होती. मी ऐकलं.

कर्जतचं बारगळलं. मेघनाने एकच अट घातली, काम संपलं की घरी जाण्याआधी तिला फोन करायचा. काकांनी ती पाळली.

दोनेक महिन्यांनी तो भाग टीव्हीवर लागला. मी घरच्यांना गोळा करून बसले होते. एवढा खटाटोप तीन सेकंदांत उरकला. काकांच्या तोंडापुढे नेमकी पोलिसाची पाठ आली. माझ्या दुधीभोपळ्यांचा तर पत्ताच नव्हता. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. मेघना होती, मागे काकांचा खोकला ऐकू येत होता.

"मावशी, बघितलं का? बाबांचे पाय दिसले!"

"दिसले गं."

"दोन्ही दिसले," ती म्हणाली. "काय स्थिर ठेवले होते ना?"